वॉर्ड सुटला, आता पेशंटचं घर : हॉस्पिस नर्सची ओळख घडते कशी?

रातराणी_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत बरीच वर्षं काढली. कॅन्सरच्या आणि इतरही शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना घरी जाऊन बघणाऱ्या एका छोट्या हॉस्पिस टीममध्ये गेल्या दिवाळीनंतर आले. एक डॉक्टर, आम्ही तिघी सिस्टर, एक समुपदेशक आणि ड्रायव्हरदादा. काम आवडतं. पण एक गोष्ट डोक्यात अडकून बसलीये.

आयसीयूत शिरलं की मी कोण, हा प्रश्नच नसायचा. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की हात आपोआप चालायचे. हँडओव्हर, चार्ट, इन्चार्ज सिस्टरची नजर, सगळं ठरलेलं. आता सकाळी पंचवटीत, दुपारी सातपूरला, संध्याकाळी देवळाली कॅम्पकडे. दार उघडणारा माणूस आधी चपला कुठे काढायच्या ते सांगतो. कुठे मला ब्यूरोची (पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची) बाई समजून पेशंटचे कपडे भिजवून ठेवलेले असतात, तर कुठे मीच डॉक्टर असल्यासारखं जिन्यात गाठून विचारतात, "अजून किती दिवस?" जुन्या मैत्रिणी म्हणतात, "मरणाऱ्या माणसाशेजारी नुसती बसतेस, हातातली कला घालवशील." कधीकधी मलाही तसंच वाटतं.

तर ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारायचंय. इथली नर्स म्हणून तुम्ही कशा घडलात? प्रशिक्षणातून, सिनियरकडून, पेशंटकडून, की रोज जाऊन जाऊन? घरच्या मंडळींचे अनुभवही चालतील.

मनमाडचा_प्रवासी

नाशिकच्या आयडीने काढलेला आणि मिसळीवर नसलेला धागा फार दिवसांनी पाहिला भो. बसलोय.

शुभा_सिडको

रातराणी, ये. याच कामात माझे केस पिकले, म्हणून एकेरीत बोलते.

आधी मला सांग, घरात गेल्यावर तू पहिलं काय करतेस? बीपी घेतेस ना? आयसीयूतून आलेल्या सगळ्याजणी घेतात. आमच्या तेव्हाच्या सिनियर सिस्टर केरळात शिकून आलेल्या. त्या घरात काही बोलायच्या नाहीत, बाहेर गाडीत बसल्यावर विचारायच्या, "बीपी ऐंशी आलं. बरं. आता त्याचं काय करणार?" पेशंटला हलवायचं नाही हे ठरलंय, बीपी चढवायचं औषध द्यायचं नाही, मग त्या काटकुळ्या दंडाला पट्टा आवळून मिळवलं काय? राग यायचा त्यांचा. पण आकडा हाती आला की बरं आपल्याला वाटतं, पेशंटला नाही, हे डोक्यात शिरायला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागला. आता मी पहिल्याच भेटीत बोटाचं ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये टाकायला लावते. बाबा शांत झोपलेत आणि तीन पिढ्या त्यांच्या बोटाकडे बघत बसल्यात, असं चित्र मला नको.

मग बघायचं काय? जीभ कोरडी पडलीये का. शौचाला कधी झालं. (मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाने पोट बांधतं; ते चालू आणि रेचक बंद असं घर दिसलं की माझं डोकं फिरतं.) पाठीला लाली आली का. रात्री जागतं कोण, आणि जो जागतो तो दिवसा झोपतो का. दुखणं शून्य ते दहामध्ये सांगा म्हटलं तर आज्या हसतात. "रुपयातलं किती दुखतं?" विचारलं की लगेच "बारा आणे". दोन दिवसांनी तेच चार आण्यांवर आलं की माझा दिवस सार्थकी.

हातातली कला जाईल म्हणणाऱ्या मैत्रिणींना एकदा सोबत ने. स्तनाच्या कॅन्सरची फुटलेली जखम, वास असा की घरातले उंबऱ्यातूनच बोलतात. ती बाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून. मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर टाकायची, जुनी पट्टी आधी पूर्ण भिजवायची आणि मगच सोडवायची, नाहीतर रक्त लागतं. काही दिवसांत वास उतरतो. नात गादीवर येऊन बसते. हे आयसीयूतल्या कुठल्या कामापेक्षा कमी, ते मला सांगावं कुणीतरी.

बेरकी_नाना

राग मानू नका, पण बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो. कूस बदलणं, तोंड पुसणं, डायपर, हे सगळं ब्यूरोची मावशी बारा बारा तास करते. तुम्ही तासभर येऊन जाता. माझ्या थोरल्या भावाच्या दुखण्यात खरी राबली ती मावशी. ओळख, अस्मिता वगैरे चर्चा तिच्या वाट्याला कधी येत नाहीत.

शुभा_सिडको

नाना, रागावण्यासारखं काहीच नाही. चांगली मावशी असलेलं घर आणि नसलेलं घर यातला फरक मला दारातच कळतो. माझं निम्मं काम मावशीला शिकवणं हेच असतं.

निफाडची_सून

नाना, मावशींबद्दल शंभर टक्के मान्य. तरी आमच्याकडचं सांगते.

सासऱ्यांना तोंडाचा कॅन्सर. ऐन द्राक्षकाढणीचे दिवस, सगळी माणसं बागेत नाहीतर पॅकिंगला. त्यात आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. एका रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या घशातून घरघर सुरू झाली. मावशी घाबरली, मी घाबरले, दिरांनी गाडी काढली नाशिकला न्यायला. मी सिस्टरना फोन लावला. त्यांनी विचारलं, कपाळाला आठ्या आहेत का? नव्हत्या. हाताची मूठ आवळलीये का? नाही. पाय गार पडलेत? हो. म्हणाल्या, "हा आवाज आपल्याला सहन होत नाहीये, त्यांना त्याचा त्रास नाही. कुशीवर करा, पाठीशी उशी द्या. दंडाला जी छोटी सुई लावून ठेवलीये तिच्यातून निळ्या पट्टीची सिरिंज हळू द्या." ती त्यांनी आदल्या दिवशीच भरून, पट्टी लावून, मला दोनदा करायला लावून ठेवली होती. म्हणजे अशी रात्र येणार हे त्यांना ठाऊक होतं. दिरांनी गाडी परत शेडमध्ये लावली. आण्णा सकाळी घरातच गेले.

मावशी नसती तर आमचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते. पण "न्यायचं नाही" हे ठामपणे सांगायला सिस्टरच लागल्या.

अजून एक. सासूबाईंना गंगेचं (म्हणजे गोदावरीचं) पाणी त्यांच्या तोंडात घालायचं होतं, रामकुंडावरून बाटली आणून देव्हाऱ्यात ठेवली होती. गिळणं बंद झालेलं, चमच्याने घातलं असतं तर ठसका लागला असता. सिस्टर नाही म्हणाल्या नाहीत. कापसाचा बोळा त्याच पाण्यात बुडवून, पिळून सासूबाईंच्या हातात दिला आणि ओठांवरून फिरवायला सांगितला. नंतर दर तासाला तोंड ओलं करायचं काम सासूबाईंनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

डॉ_काडेचिराईत

उत्तम धागा. थोडा इतिहास, कंटाळा आला तर खाली सरका.

आधुनिक हॉस्पिस ज्यांच्यापासून मोजतात त्या सिसिली सॉण्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि मग डॉक्टर. लंडनचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस त्यांनी १९६७ मध्ये सुरू केलं. माणसाचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात मन, नाती, पैसा, श्रद्धा सगळं गुंतलेलं असतं, ही त्यांची मांडणी. मला नेहमी वाटतं की तासन्‌तास पेशंटच्या उशाशी बसल्याशिवाय हे सुचणार नाही. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस म्हणजे मुंबईत बांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६. घरोघर जाण्याची पद्धत रुजली ती केरळात. कालिकतला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार वगैरे मंडळींनी सुरुवात केली, २००८ मध्ये तिथल्या सरकारने धोरणच केलं. तिथे रस्त्यावर फिरते ती प्रामुख्याने नर्स, सोबतीला गावातले स्वयंसेवक.

मॉर्फिनचंही सांगायला हवं. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांची इतकी भानगड झाली की कित्येक हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट बरीच सोपी झाली. मधल्या काळात डॉक्टर-नर्सची एक अख्खी पिढी मॉर्फिन न हाताळता शिकून बाहेर पडली. भीती राहिली ती तिथून.

आता मूळ प्रश्न. मी पेशंटला आठवड्यातून एकदा बघतो, सिस्टर कितीतरी जास्त. नवीन सिस्टर फोन करते तेव्हा सांगते, "सर, पेशंटला दुखतंय." मुरलेली सांगते, "सर, चौथ्या तासाच्या आतच पुन्हा मागतायत, कालपासून जादा डोस तीनदा लागला, झोपाळलेले नाहीत, पोट साफ आहे. वाढवायचं ना?" मी फक्त "हो" म्हणतो. रातराणी, तुमचे फोन यातले कुठले, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. बदल त्यांना तुमच्याआधी कळलेला असेल.

पगारी_ब्रदर

मीही याच कामात, पुरुष. दोन गोष्टी.

एक, युनिफॉर्म. बायका साध्या ड्रेसवर गेल्या तर चालतं. मी जीन्स-शर्टवर गेलो तर सोसायटीचा वॉचमन कुरिअरवाला समजून गेटवर अडवतो, आणि आत गेलो तर आजींचं कॅथेटर (लघवीची नळी) बदलायला हा कोण बाप्या, म्हणून घर गप्प होतं. पांढरा ॲप्रन आणि गळ्यात ओळखपत्र हवंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रत्येक घरात ऐकतो, "फार पुण्याचं काम करता हो." आधी बरं वाटायचं. मग पाहिलं की जे हे म्हणतात तेच फी द्यायच्या वेळी संस्थेशी घासाघीस करतात, आणि संस्थाही पगारवाढ मागितली की सेवाभाव काढते. पुण्य कमवायला मी नाशिकरोडहून रोज बाइक मारत नाही. हा माझा व्यवसाय आहे, मी त्याचं शिक्षण घेतलंय. पुण्यवान म्हटलं की चुकीबद्दल जाब विचारता येत नाही आणि पैशांबद्दल बोलता येत नाही, दोन्ही बाजूंनी खड्डा.

मनमाडचा_प्रवासी

खड्ड्यांवरून आठवलं, द्वारकेला अडकलात तर पेशंटकडे पोहोचता कसे? सिंहस्थ जवळ आला की अर्धं शहर खोदलेलं असतं.

पगारी_ब्रदर

म्हणूनच बाइक. टीमची गाडी मुंबई नाक्यावर उभी असते तेव्हा माझं ड्रेसिंग उरकलेलं असतं.

शुभा_सिडको

ब्रदर, पगाराबद्दल प्लस वन. युनिफॉर्मबद्दल मात्र नाही. मी मुद्दाम घालत नाही. पांढरा ड्रेस जिन्यात दिसला की वाड्यातल्या सगळ्यांना कळतं त्या घरात काय चाललंय. कित्येक घरांत पेशंटलाच सांगितलेलं नसतं. "अल्सर आहे" म्हणून सांगा, अशी दारातच विनवणी. पेशंटला सगळं माहीत असतं, तोही घरच्यांसाठी गप्प. दोघांच्या मध्ये मी, पांढऱ्या कपड्यांत कशाला उभी राहू? पण पुरुष असण्याची अडचण तुम्ही सांगितलीत तशी असेल, ती मला भोगावी लागली नाही.

तृप्ती_म्हसरूळ

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सने १९८० च्या दशकात नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या, आम्ही त्या वर्गात शिकवतो. एका क्षेत्रातली तज्ज्ञ दुसऱ्या क्षेत्रात गेली की पुन्हा खालच्या पायरीवर येते, हे त्यातलं महत्त्वाचं. रातराणीताई, तुमचं आत्ता तेच चाललंय. यात कमीपणा काही नाही, पण आयसीयूत मान मिळालेल्या बाईला ते फार बोचतं.

आमच्याकडूनही कसूर आहे. मुली घरभेटीला जातात त्या गरोदर बायका, लसीकरण, पाण्याची तपासणी यासाठी. मृत्यू शिकवतो तो मृतदेहाची स्वच्छता आणि बांधणी इथपासून. त्याआधीचे आठवडे अभ्यासक्रमात जेमतेम. पॅलिएटिव्हच्या (बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) राष्ट्रीय संघटनेचा नर्सेससाठी वेगळा छोटा कोर्स आहे, तो जरूर करा. पण कोर्सने औषधं कळतात. कुणाच्या घरी जमिनीवर बसायचं की खुर्ची मागायची, ते नाही कळत.

सुरगाण्याकडची

खुर्ची 😀 आमच्याकडे खाट असली तरी पुष्कळ.

मी एएनएम (सहाय्यक परिचारिका), सुरगाणा-पेठ भागात. हॉस्पिस वगैरे नाव नाही, पण नाशिकला सिव्हिलला दाखवून "आता घरी न्या" सांगितलेले पेशंट शेवटी आमच्याच पाड्यांवर येतात. पावसाळ्यात घाट, रस्ता वाहून गेलेला, शेवटचा तुकडा पायी. भगत माझ्या आधी येऊन गेलेला असतो. मी त्याच्याशी भांडत नाही, त्याने बांधलेला दोरा सोडत नाही, फक्त जखमेवर काही लावू नका एवढं मागते. तो ऐकतो. एकदा त्यानेच मला बोलावणं धाडलं, म्हातारीच्या पाठीला किडे पडले होते म्हणून.

शहरातल्या ताईंना टीम आहे, डॉक्टर फोन उचलतात. मॉर्फिन मात्र माझ्यापर्यंत येत नाही. पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉलवर किती दिवस ढकलायचं? मला ओळखीचा प्रश्न पडत नाही, पिशवीत काय आहे याचा पडतो.

डॉ_काडेचिराईत

सुरगाणा, हा खरा मुद्दा. घरच्यांपैकी कुणी नाशिकला येऊ शकत असेल तर प्रिस्क्रिप्शनवर ठरावीक दिवसांच्या गोळ्या नेता येतात, त्यासाठी पेशंटला खाटेवरून उचलून आणायची गरज नसते. सविस्तर विपूत (विचारपुशीत) कळवा.

बेरकी_नाना

मावशीचा मुद्दा सोडलेला नाही, पण आता एक व्यवहाराचं विचारतो. माणूस घरी गेला तर दाखल्याचं काय? आमच्या भावाच्या वेळी पहाटे दारोदार डॉक्टर शोधत फिरलो. अमरधामला कागद लागतोच.

डॉ_काडेचिराईत

घरच्या मृत्यूला कारणाचा दाखला फॉर्म ४-अ मध्ये, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा. टीम असेल तर हे आधीच ठरवून ठेवतात. महापालिकेत नोंद २१ दिवसांच्या आत.

शुभा_सिडको

त्या तासाभराबद्दल मला बोलायचंय. माणूस गेलाय हे मला कळलेलं असतं. घरच्यांनाही माझ्या तोंडाकडे बघून कळतं. पण कागदावर सही डॉक्टरची, म्हणून ते येईपर्यंत तसं जाहीर मी करायचं नाही. सुरुवातीला त्या वेळात काय करावं सुचायचं नाही. आता ठरलेलं आहे. नळ्या काढायच्या, तोंड पुसायचं, डोळे मिटवायचे, जवळच्या माणसाला हात लावायला बोलवायचं, मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या घरच्यांसमोर मोजून वहीत लिहून परत घ्यायच्या. कुणीतरी "सिस्टर, चहा घ्या" म्हणतंच. मी घेते. नाही म्हटलं की त्या माणसाला करायला काही उरत नाही.

तेराव्यानंतर टीममधून एकजण पुन्हा त्या घरी जाते, कामाचा भाग म्हणून. गंगेवर दहाव्याला मात्र मी जात नाही. गेले असते तर वर्षभर तिथेच बसावं लागलं असतं.

रातराणी_इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस ड्यूटीमुळे येता आलं नाही. नाना, तुमचं पटलं. आमच्या मावशांना आता आमच्या सोमवारच्या बैठकीला बोलवायचं असं मी सुचवलंय. सर, माझे फोन अजून "दुखतंय" याच वर्गातले आहेत 🙈

काल गंगापूर रोडला एक प्रसंग झाला. काका शेवटच्या दोन-चार दिवसांत, गिळणं बंद, पायांवर सूज. मुलगा पुण्याहून आला आणि ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांना घेऊन आला. म्हणे सलाइन लावा, उपाशी ठेवून मारलं म्हणतील लोक. हॉस्पिटलात असते तर मी स्टँड आणायला गेले असते. काल मी त्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, सूज बघा, छातीत घरघर सुरू झालीये, पाणी भरलं तर वाढेल. तहान तोंडाची आहे, ते आम्ही ओलं ठेवतोय." आवाज कापत होता. त्यांनी पाय दाबून बघितला. मग मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्धी बाटली, अगदी सावकाश." लावली. मुलगा शेजारी बसून थेंब मोजत राहिला. घरघर आज थोडी जास्त आहे, औषध वाढवलंय.

हे बरोबर झालं का? मी अजून ठरवू शकले नाहीये.

पगारी_ब्रदर

माझ्या मते नाही. बाप मुलाच्या समाधानासाठी टोचून घ्यायला बांधील नाही. तुम्ही बोललात ते उत्तम, पण पुढे फाइलमध्ये स्वच्छ लिहून आपल्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावायला हवा होता.

शुभा_सिडको

मी असते तर अर्धी बाटली चालवून घेतली असती. काका गेल्यावर त्या मुलाला पुढची तीस वर्षं काढायचीत. मात्र शिरेत नाही, पोटाच्या कातडीखाली, तेही त्रास वाढला की थांबवायचं असं मुलाकडून आधी कबूल करून. यावर ब्रदरचं आणि माझं जमणार नाही, आणि आमच्या टीममध्येही दोन तट आहेत.

पण रातराणी, फॅमिली डॉक्टरला सूज दाखवणारी तू होतीस. दिवाळीत आलीस तेव्हा दाखवली असतीस का?

रातराणी_इंदिरानगर

नसती. तेव्हा बीपी सांगितलं असतं.

तृप्ती_म्हसरूळ

शुभाताई, हा प्रसंग आणि तुम्हा दोघांचा वाद आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींसमोर व्हायला हवा. याल का?

शुभा_सिडको

येते, पण पीपीटी करायला लावू नका. आणि नुसतं ऐकून उपयोग नाही, मुलींना माझ्याबरोबर भेटीला पाठवा. एका वेळी एकच. अख्खी बॅच घेऊन कुणाच्या स्वयंपाकघरात उभी राहणार नाही मी.

पगारी_ब्रदर

मुलगे असतील तर माझ्याकडे द्या. ॲप्रन घालून येऊ देत.